वेल्समधल्या लहान गावाचा कारभार नेमका कोणाच्या हातात असतो? लार्नच्या निमित्ताने

प्रश्न थोडक्यात असा: वेल्समधल्या एखाद्या लहान गावाचा इतिहास आणि कारभार कसा असतो, आपल्या ग्रामपंचायतीसारखं तिथे काही आहे का, गावाच्या हातात खरी सत्ता किती, आणि तिथे एका गावात अजून मध्ययुगीन सभा भरते म्हणतात ते खरं की पर्यटकांसाठी केलेला देखावा?

मी पश्चिम वेल्समध्ये एका कम्युनिटी कौन्सिलचा, म्हणजे निवडून येणाऱ्या गावसंस्थेचा, क्लार्क म्हणून काम करतो. आपल्याकडच्या ग्रामसेवकाशी पदाचं थोडं साम्य आहे. फरक पुढे येईलच. उत्तरासाठी लार्न हे गाव घेतो. ते माझ्या कौन्सिलचं गाव नाही, त्यामुळे मोकळेपणाने लिहिता येईल. आणि प्रश्नात ज्या मध्ययुगीन सभेचा उल्लेख आहे, ती याच गावात भरते.

लार्न कार्मार्थनशर कौंटीत (म्हणजे जिल्ह्यात), ताव्ह नदीच्या खाडीवर आहे. वस्ती बाराशेच्या आसपास. गावात खाडीला लागून पडका किल्ला आहे, तो वेल्स सरकारच्या ‘कॅडू’ या पुरातत्त्व विभागाकडे आहे. कवी डिलन टॉमस १९४९ पासून १९५३ मध्ये मरेपर्यंत ज्या बोटहाउसमध्ये राहिला, ते घर कौंटी कौन्सिल चालवतं. गावाबाहेर हगडेन आणि लीज नावाची मोठी उघडी शेतं आहेत, ती लार्न कॉर्पोरेशनकडे, म्हणजे ती मध्ययुगीन सभा भरवणाऱ्या जुन्या संस्थेकडे. आणि ‘लार्न टाउनशिप कम्युनिटी कौन्सिल’ नावाची निवडून येणारी गावसंस्था वेगळीच. एवढ्याशा गावात चार मालक. मी नव्या माणसाला नेहमी हेच सांगतो की वेल्समधलं गाव समजून घ्यायचं असेल तर खुर्चीवर कोण बसलंय ते नंतर बघ, आधी सात-बारा कोणाच्या नावावर आहे ते बघ. सात-बारा तिथे नसतो, पण मुद्दा तोच.

सनद, आणि ती का दिली

बाराव्या-तेराव्या शतकात हा सगळा भाग सीमेवरचा होता. नॉर्मन सरदारांनी किनारपट्टी धरून किल्ले बांधले होते आणि आतल्या डोंगराळ भागात वेल्श राजे होते. ११७२ मध्ये इंग्लंडचा राजा दुसरा हेन्री आयर्लंडहून परतताना लार्नला थांबला आणि दक्षिण वेल्सचा बलाढ्य राजा रीस आप ग्रिफिथ याच्याशी त्याची भेट इथेच झाली. हेन्री ११८९ मध्ये मेला आणि रीसने लागलीच किल्ला घेतला. पुढे १२१५ मध्ये उत्तर वेल्सचा राजा थोरला लेवेलिन याने तो पुन्हा पाडला आणि त्या शतकाच्या मध्यात त्याचा नातू लेवेलिन आप ग्रिफिथ यानेही तेच केलं. शंभर वर्षांच्या आत तीनदा पडलेला किल्ला, आणि त्याच्या सावलीत वसलेलं गाव.

अशा ठिकाणी माणसं राहायला येणार कशाला? हा प्रश्न तिथल्या सरदारालाही पडला असणार. डी ब्रायन घराण्यातल्या सर गाय डी ब्रायनने तेराव्या शतकाच्या शेवटी गावकऱ्यांना सनद दिली. साल साधारणपणे १२९१ सांगतात. जे इथे घर करून राहतील त्यांना ‘बर्जेस’ म्हणजे हक्कदार नागरिक मानायचं, त्यांना सामायिक जमीन, चराई, बाजार आणि स्वतःचं न्यायालय द्यायचं. यात परोपकार फारसा नाही. सीमेवर रक्षणासाठी आणि बाजार चालवण्यासाठी लोक हवे होते, आणि वेल्समधल्या सरदारांकडे देण्यासारखी एकच गोष्ट मुबलक होती: दुसऱ्याकडून घेतलेली जमीन. इथे इंग्रजी बोलणारी वस्ती वसवली गेली, त्यामुळे चार मैलांवर वेल्श बोलली जात असताना लार्न मात्र इंग्रजी बोलत राहिलं. आजही गावाच्या स्वभावात तो फरक जाणवतो, असं शेजारच्या गावातले लोक जरा खोचकपणे सांगतात.

हे भूभाग ‘मार्चर’ सरदारांचे होते. तिथे राजाचं फर्मान थेट चालत नसे, सरदाराचं न्यायालय हाच कायदा. १५३६ च्या कायद्याने आठव्या हेन्रीने ही सगळी सरदारकी मोडून वेल्सला इंग्लंडला जोडलं आणि लार्न पुढे कार्मार्थनशरमध्ये गेलं. सरदार गेला, सनद मात्र राहिली.

कॉर्पोरेशन आज काय करतं

दर पंधरवड्याला सोमवारी गावच्या छोट्या टाउन हॉलमध्ये कॉर्पोरेशनचं न्यायालय भरतं. वर्षातून दोनदा ‘बिग कोर्ट’ म्हणजे मोठी सभा. अध्यक्षाला पोर्टरीव्ह म्हणतात. त्याची निवड वर्षासाठी असते आणि २९ सप्टेंबरच्या मायकेलमस सणानंतरच्या पहिल्या सोमवारी तो शपथ घेतो. त्याच्याबरोबर आल्डरमन, एक रेकॉर्डर, बेलीफ, कॉन्स्टेबल आणि बर्जेस मंडळींतून बसवलेली ज्युरी.

पोर्टरीव्हच्या गळ्यातला हार जवळून बघण्यासारखा आहे. त्यात सोन्याचे छोटे शिंपले ओवलेले आहेत, कॉकल जातीच्या शिंपल्यांच्या आकाराचे. खाडीच्या चिखलातून हे शिंपले गोळा करून विकणं हा लार्नचा जुना धंदा. प्रत्येक पोर्टरीव्ह पद सोडताना आपला एक शिंपला हारात घालतो आणि त्याच्या मागच्या बाजूला त्याचं नाव व कार्यकाळ कोरलेला असतो. हार उलटा धरला की गावाच्या पदाधिकाऱ्यांची यादीच हाती येते. अनेक कौन्सिलांच्या भिंतीवर अशी यादी सोनेरी अक्षरांत लाकडी फलकावर असते. लार्नमध्ये ती गळ्यात घालायला लागते, आणि दरवर्षी तिचं वजन वाढतं.

आता शेतं. हगडेन आणि लीज ही मध्ययुगीन पद्धतीची उघडी शेतं आहेत. मधे कुंपण नाही. लांबट पट्टे पाडलेले आणि दोन पट्ट्यांमध्ये फक्त गवताचा बांध. ज्येष्ठतेनुसार पहिल्या ७६ बर्जेसना हगडेनवर एकेक पट्टा हयातभर कसायला मिळतो. पट्टेदार वारला की पट्टा त्याच्या मुलाकडे जात नाही, तो यादीतल्या पुढच्या बर्जेसकडे जातो. त्यामुळे पट्टा विकता येत नाही, गहाण ठेवता येत नाही आणि वारसांत वाटून त्याचे तुकडेही होत नाहीत. तुकडेजमीन कशी होते ते ज्यांनी महाराष्ट्रात पाहिलंय त्यांना या नियमाची किंमत लगेच कळेल. ब्रिटनमध्ये उघड्या शेताची ही पद्धत अजून चालू असलेली ठिकाणं हाताच्या बोटांवर मोजता येतील. इंग्लंडमधलं नॉटिंगहॅमशरचं लॅक्स्टन हे त्यांतलं सर्वांत प्रसिद्ध. बाकी ठिकाणी अठराव्या-एकोणिसाव्या शतकात संसदेच्या कायद्यांनी सामायिक जमिनींना कुंपणं पडली आणि त्या खाजगी झाल्या.

बर्जेस होण्याचे मार्ग परंपरेने ठरलेले आहेत. जन्म, बर्जेसच्या घराण्यात लग्न, गावातलं वास्तव्य, असे. ऐतिहासिकदृष्ट्या ही पुरुषांची संस्था, आणि तिच्यात कोण येतं हे आतलेच लोक ठरवतात. तिला लोकशाही म्हणता येणार नाही, आणि ती तसा दावाही करत नाही.

दर तीन वर्षांनी व्हिट मंडेला, म्हणजे वसंत संपता संपता येणाऱ्या सणाच्या सोमवारी, ‘कॉमन वॉक’ असतो. कॉर्पोरेशनच्या हद्दीवरून सगळ्यांनी चालत जायचं. वाट वीस मैलांहून जास्त. पुढे भालदार, कुदळी-फावडी घेतलेले लोक, झेंडेवाले. हद्दीवरच्या ठरावीक खुणांपाशी थांबून एखाद्याला विचारतात, या जागेचं नाव काय? त्याला सांगता आलं नाही तर त्याला उलटा धरून पार्श्वभागावर तीन फटके. फोटो काढणाऱ्यांना हे फार आवडतं. पण नकाशे नसलेल्या काळात हद्द लक्षात ठेवण्याची ही अगदी व्यवहारी युक्ती होती. फटके खाल्लेला मुलगा साठ वर्षांनी कोर्टात साक्ष देऊ शकत असे की ओढा आमचा आणि पलीकडची झुडपं त्यांची. जमिनीची मोजणी आपल्याकडेही भांडणाशिवाय क्वचितच होते.

ते टिकलं कसं

एकोणिसाव्या शतकात लंडनच्या सरकारने जुन्या नगरसंस्थांची झाडाझडती घेतली. १८३३ मध्ये शाही आयोग बसला. त्याने गावोगाव फिरून बघितलं, तर बहुतेक ठिकाणी मूठभर घराणी खुर्च्या धरून बसलेली, आपल्याच माणसांना मालमत्ता देत असलेली. १८३५ च्या कायद्याने १७८ शहरांच्या संस्था करदात्यांच्या मतदानावर आणल्या. उरलेल्या लहानसहान संस्था तशाच लोंबकळत राहिल्या. १८८३ च्या कायद्याने त्यांतल्याही बहुतेक मोडीत काढल्या. लार्न दोन्ही झाडाझडतींतून सुटलं. लंडन शहराचं कॉर्पोरेशन आणि आपण, असे दोघेच मध्ययुगातून चालत आलेले उरलो, असं लार्नवाले अभिमानाने सांगतात.

याच्या जोडीला दक्षिण वेल्समधल्या केनफिगचं उदाहरण ठेवतो. हे मध्ययुगीन शहर समुद्राकडून आलेल्या वाळूखाली गाडलं गेलं. शहर संपलं तरी त्याचं कॉर्पोरेशन शतकानुशतकं कामकाज करत राहिलं. वाळूच्या टेकड्यांखाली गेलेल्या शहराचे पदाधिकारी आसपासच्या वस्तीतून निवडले जात. १८८६ मध्ये ते विसर्जित झालं, पण जमीन होती म्हणून तिच्यासाठी ट्रस्ट नेमावा लागला, आणि तो ट्रस्ट पुढे १९७१ मध्ये मालकीच्या वादात हायकोर्टात जिंकला. घरं नाहीशी झाली, संस्था नाहीशी झाली, तरी सामायिक जमिनीमागे कुणीतरी उभं राहतंच.

म्हणून ‘हा देखावा आहे का’ या प्रश्नाला माझं उत्तर असं: हार, भाले आणि फटके हा भाग आज देखावाच आहे, आणि त्यात वाईट काही नाही. पण देखावा टिकला तो हगडेनमुळे. सोमवारी रात्री टाउन हॉलमध्ये येण्याचं कारण लोकांना ती शेतं देतात. ज्या गावांकडे सनद होती पण जमीन उरली नव्हती, तिथले पोर्टरीव्ह कधीच गेले. न्यायालय हे नाव मात्र आता नावापुरतं आहे. १९७७ च्या कायद्याने अशा जुन्या जहागिरी न्यायालयांकडून न्यायदानाचा अधिकार काढून घेतला. रूढीने चालत आलेलं कामकाज करायला हरकत ठेवली नाही. चोराला शिक्षा देण्याचे दिवस गेले. शेताचा पट्टा कुणाला, यावर चर्चा होऊ शकते.

चर्चची सभा, गरिबांचा कर आणि टोलनाके

सनद असलेली गावं थोडी. वेल्समधल्या बाकीच्या खेड्यांचा कारभार कित्येक शतकं ‘पॅरिश’ म्हणजे चर्चच्या हद्दीवर चालला. व्हेस्ट्रीत, म्हणजे चर्चच्या सभेत, गावातले खातेदार शेतकरी बसायचे आणि वर्षभरासाठी बिनपगारी माणसं नेमायचे: गरिबांसाठी कर गोळा करून वाटणारा ओव्हरसियर, रस्त्यांचा सर्व्हेअर, कॉन्स्टेबल. १५५५ च्या कायद्यानुसार रस्ते दुरुस्त करायला गावकऱ्यांनी वर्षातले काही दिवस फुकट राबायचं. राबायचे, पण कसे ते विचारू नका. रस्ते भयानक होते.

मग रस्त्यांचं खाजगीकरण झालं. टर्नपाइक ट्रस्टना संसदेने टोल घेण्याची परवानगी दिली. ट्रस्ट वसुलीचा इजारा लिलावात देत. इजारदार आपला पैसा वसूल करायला आडवाटांवरही नाके टाकायचे. टॉमस बुलिन नावाच्या इजारदाराने १८३९ मध्ये व्हिटलँड ट्रस्टच्या हद्दीत हेच केलं. तिथल्या आम्लयुक्त जमिनीला चुना लागतो, आणि चुना भट्टीवरून गाडीत आणावा लागतो. चुन्यापेक्षा टोल महाग पडू लागला. १३ मे १८३९ च्या रात्री एव्हाइलवेन इथला नाका जमावाने फोडला. पुरुषांनी बायकांचे कपडे घातलेले, तोंडाला काळं फासलेलं आणि म्होरक्याला सगळे ‘रिबेका’ म्हणत होते. नाव बायबलमधलं: रिबेकाचे वंशज आपल्या द्वेष्ट्यांची द्वारं ताब्यात घेतील असा तिला मिळालेला आशीर्वाद आहे. लार्नपासून चार मैलांवरच्या सेंट क्लेअर्सचे नाकेही फुटले. टोलनाक्यावरचा राग महाराष्ट्राला वेगळा समजावून सांगायला नको.

यातली खरी गोष्ट नाक्यांच्या पलीकडची आहे. १८३४ च्या गरीब कायद्याने गरिबांना मदत देण्याचा अधिकार व्हेस्ट्रीकडून काढून अनेक गावांच्या ‘युनियन’कडे दिला आणि मदत हवी असेल तर वर्कहाउसमध्ये, म्हणजे गरिबांना ठेवून कामाला लावणाऱ्या घरात, भरती व्हा असं ठरवलं. म्हणजे रस्ता ट्रस्टकडे गेला आणि गरीब युनियनकडे. न्याय जमीनदार मॅजिस्ट्रेटकडे होता आणि चर्चचा दशांश कर, गावातले बहुतेक लोक चॅपलला, म्हणजे अधिकृत चर्चपासून वेगळ्या पंथांच्या प्रार्थनाघरात, जात असले तरी, चर्चकडे जात होता. गावाने फक्त पैसे द्यायचे. जून १८४३ मध्ये मोर्चा कार्मार्थनच्या वर्कहाउसवर गेला आणि ते फोडलं. त्याच वर्षी हेंडी नाक्यावरची सारा विल्यम्स ही म्हातारी नाकेवाली गोळी लागून मेली. तिच्या मरणाने बंडाची सहानुभूती ओसरली, हेही नोंदवायला हवं. सरकारने आयोग नेमला आणि १८४४ च्या कायद्याने दक्षिण वेल्समधले ट्रस्ट गुंडाळून कौंटीचे रस्ता बोर्ड आणले. त्या काळी वेल्श शेतकऱ्याच्या गाऱ्हाण्याला इतक्या लवकर उत्तर मिळाल्याचं दुसरं उदाहरण माझ्या डोळ्यांसमोर नाही.

निवडून येणाऱ्या कौंटी कौन्सिल १८८९ पासून आल्या. १८९४ च्या कायद्याने पॅरिश कौन्सिल आणली, म्हणजे चर्चपासून वेगळी अशी निवडून येणारी गावसंस्था, आणि तिच्यात स्त्रियांनाही मत देता आणि उभं राहता येत होतं. १९७४ मध्ये वेल्समधले पॅरिश रद्द करून ‘कम्युनिटी’ आल्या. लार्न तेव्हा डिव्हेड नावाच्या मोठ्या कौंटीत गेलं. १९९६ मध्ये डिव्हेड मोडून कार्मार्थनशर परत आलं. आज वेल्समध्ये अशा २२ कौंटी-पातळीच्या कौन्सिल आहेत आणि त्यांच्याखाली सुमारे ७३० कम्युनिटी आणि टाउन कौन्सिल. मधली पातळी नाही.

कम्युनिटी कौन्सिल म्हणजे नेमकं काय

शाळा, रस्ते, कचरा, समाजसेवा, बांधकाम परवानगी हे सगळं कौंटीकडे. आरोग्य आरोग्य-मंडळाकडे. कम्युनिटी कौन्सिलकडे उरतं ते बाकं, बसस्टॉपची शेड, खेळाचं मैदान, काही ठिकाणी दफनभूमी, पायवाटांचे दिवे, युद्धस्मारक, गावाचा हॉल, आणि कुत्र्याच्या विष्ठेचे डबे. या शेवटच्या विषयावर माझ्या सभांमध्ये जितका वेळ गेलाय तितका हवामान बदलावर गेलेला नाही.

कायद्याने या कौन्सिलला ‘करू शकते’ असे अधिकार भरपूर दिलेत, ‘केलंच पाहिजे’ अशी कर्तव्यं फार थोडी. एक जुनं कर्तव्य अजून आहे: १९०८ च्या कायद्यानुसार सहा मतदारांनी लेखी मागणी केली तर भाजीपाल्याच्या वाफ्यांसाठी जमीन देण्याचा विचार कौन्सिलला करावाच लागतो. हा नियम गावात फारसा कुणाला माहीत नसतो. ज्याला माहीत असतो तो क्लार्कची झोप उडवतो.

पैसा कुठून येतो, हे आपल्या वाचकांना सर्वांत वेगळं वाटेल. वित्त आयोगाचा हप्ता नाही, केंद्राची योजना नाही. कौन्सिल जानेवारीच्या आसपास आपला खर्च ठरवते आणि तेवढी रक्कम ‘प्रिसेप्ट’ म्हणून कौंटीला कळवते. कौंटी ती गावातल्या घरांच्या कौन्सिल टॅक्समध्ये घालून वसूल करते आणि आमच्या हातात देते. समजा कौन्सिलला ३०,००० पौंड हवेत आणि गावातली घरं करपात्र मूल्यात ६०० मध्यम घरांएवढी भरतात, तर मध्यम घरामागे वर्षाला ५० पौंड. कराच्या बिलावर ती वेगळी ओळ छापलेली असते, त्यामुळे दोन पौंडांची वाढही दुकानात ऐकवली जाते. आपल्याच शेजाऱ्याच्या खिशातून थेट घ्यायचे म्हटल्यावर सदस्य फार काटकसरी होतात. कधीकधी नको तितके.

क्लार्क हा सरकारचा माणूस नसतो. ग्रामसेवकाची बदली जिल्हा परिषद करते. मला कौन्सिलनेच नेमलंय आणि कौन्सिलच काढू शकते. तरीही बेकायदा ठराव होऊ नये हे बघणं माझं काम. सभेच्या तीन पूर्ण दिवस आधी विषयपत्रिका लावायची, आणि जो विषय त्यावर नाही त्यावर निर्णय होत नाही. ‘आयत्या वेळचे विषय’ हा लाडका प्रकार इथे ठरावाला उपयोगाचा नाही. सुरुवातीला प्रत्येकाने आपला हितसंबंध सांगायचा. लहान गावात अर्धी सभा एकमेकांची चुलत भावंडं, त्यामुळे हा विषय कधी कधी लांबतो. हितसंबंध मोठा असेल तर खोलीबाहेर जायचं. नियम मोडल्याची तक्रार थेट वेल्सच्या लोकसेवा ओम्बुड्समनकडे, म्हणजे आपल्या लोकायुक्तासारख्या अधिकाऱ्याकडे, जाते, आणि लोक ती करतात.

निवडणूक पाच वर्षांनी. शेवटची २०२२ मध्ये झाली, पुढची २०२७ मध्ये. सोळा वर्षं पूर्ण झालेल्यांना मत आहे. आरक्षण नाही, थेट निवडून येणारा सरपंच नाही. अध्यक्ष दरवर्षी मे महिन्यात सदस्यच निवडतात. खेड्यांत पक्षाचं नावही बहुधा कुणी लावत नाही. खरी अडचण उमेदवारांची. बहुतेक जागा बिनविरोध भरतात, आणि उरलेल्या रिकाम्या जागा कौन्सिल आपणहून माणसं घेऊन भरते. जागा मधेच रिकामी झाली तर नोटीस लागते. दहा मतदारांनी मागणी केली तर निवडणूक, नाहीतर कौन्सिलने नेमलेला सदस्य. हे वाचून कुणाला लार्नची ज्युरी आठवली तर तो चुकला असं मी म्हणणार नाही. कागदावर ही लोकशाही संस्था आहे, व्यवहारात जो सभेला येतो तो सदस्य होतो.

२०२१ च्या वेल्श कायद्याने थोडा बदल केला. दोन तृतीयांश सदस्य निवडून आलेले असतील, क्लार्ककडे ठरलेली पात्रता असेल आणि सलग दोन वर्षं हिशेबतपासणी निर्दोष असेल, तर कौन्सिलला ‘सर्वसाधारण अधिकार’ मिळतो. म्हणजे प्रत्येक खर्चासाठी स्वतंत्र कलम शोधत बसायला नको. पबचं दार बंद होणार असेल तर तो विकत घ्यायचा विचारही करता येतो. ‘दोन तृतीयांश निवडून आलेले’ या अटीत बिनविरोध आलेले धरले जातात, नेमलेले नाहीत. त्यामुळे हल्ली अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी फोन करून लोकांना उभं करणं हे क्लार्कचं बिनलिखित काम झालंय.

गावाचा शब्द किती चालतो

बांधकाम परवानगीच्या अर्जावर कम्युनिटी कौन्सिलला मत देता येतं, निर्णय कौंटीचा. गावकरी सभेला येतात ते बहुधा याच विषयावर, आणि रागावून जातात तेही याच विषयावर. ‘आमच्या खिडकीतून खाडी दिसणार नाही’ आणि ‘आमच्या घराची किंमत उतरेल’ ही दोन कारणं नियोजनात मोजली जात नाहीत. रस्त्यावरची वळणाची जागा, पूर, सांडपाण्याची क्षमता, जुन्या इमारतीचं संरक्षण ही मोजली जातात. मी प्रत्येकाला सांगतो की पत्रात पहिली दोन कारणं लिहूच नका. बहुतेक लोक त्यांनीच सुरुवात करतात.

किनाऱ्यावरच्या सुंदर गावांत दुसरा ताण सुट्टीच्या घरांचा. २०२३ पासून अशा दुसऱ्या घरांवर कौन्सिल टॅक्सच्या ३०० टक्क्यांपर्यंत जादा कर लावता येतो. तोही कौंटी ठरवते. गाव फक्त मागणी करू शकतं.

आणि वरून संसदेचा कायदा आला तर गावाचं काहीच चालत नाही, मग जमीन तुमची असली तरी. उत्तर वेल्समधल्या कापेल केलिनचं तसं झालं. लिव्हरपूल शहराला पाणी हवं होतं. त्या शहराच्या कॉर्पोरेशनने थेट संसदेत खाजगी विधेयक आणलं, म्हणजे वेल्समधल्या स्थानिक कौन्सिलांची परवानगी घ्यायची गरजच उरली नाही. वेल्सचे जवळपास सगळे खासदार विरोधात असताना १९५७ मध्ये ते मंजूर झालं. शाळा, चॅपल, पोस्ट, घरं आणि शेतं धरणाखाली गेली, १९६५ मध्ये धरणाचं उद्घाटन झालं. लिव्हरपूलने २००५ मध्ये माफी मागितली. वेल्समध्ये स्वतःच्या विधिमंडळाची मागणी पुढे जोर धरत गेली त्यामागे हे पाणी आहे. आज कार्डिफच्या सेनेडला, म्हणजे वेल्सच्या विधिमंडळाला, स्थानिक कारभाराचे कायदे करता येतात, वर सांगितलेला २०२१ चा कायदा तिथलाच. कोयना, मुळशी, उजनीच्या भागातल्या वाचकांना हा परिच्छेद मी लांबवायची गरज नाही.

स्वतः शोधायचं असेल तर

कुणाला एखाद्या वेल्श गावाचा इतिहास खणायचा असेल, तर सुरुवात दशांश कराच्या नकाशांपासून करा. १८३६ च्या कायद्यानंतर १८४० च्या आसपास जवळजवळ प्रत्येक पॅरिशचा नकाशा झाला, आणि सोबतच्या यादीत शेताचं नाव, मालक, कसणारा आणि पीक किंवा गवत असा तपशील आहे. आबेरिस्टविथच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने हे नकाशे इंटरनेटवर फुकट ठेवलेत, शेताच्या नावाने शोधता येतात. त्यानंतर १८४१ पासूनची जनगणना जोडली की कुठल्या घरात कोण होतं ते कळतं. व्हेस्ट्री आणि पॅरिश कौन्सिलची इतिवृत्तं कौंटीच्या अभिलेखागारात. त्यातलं हस्ताक्षर वाचायला सवय लागते, आणि वाचलं की लक्षात येतं की दर दोन पानांनी भांडण वाटेचं किंवा पाण्याचं आहे.

आजच्या कारभारासाठी कौन्सिलच्या संकेतस्थळावर जा. सभेतल्या निर्णयांची टिपणी कामकाजाच्या सात दिवसांत तिथे टाकणं बंधनकारक आहे, आणि सभा घरबसल्या ऐकता येण्याची सोयही ठेवावी लागते. पुण्यात बसूनही एखाद्या वेल्श खेड्याची सभा ऐकता येईल. फक्त क्लार्कला आधी ईमेल करून दुवा मागा, आणि विषयपत्रिकेत ‘डबे’ हा शब्द दिसला तर चहा करून मगच बसा.